वाघिणीची साखळी झाकणारा झगा

मी एक जुना झगा आहे. मोरपंखी रंगाचा, सात थरांच्या जाळीचा, खाली तारेचं कडं असलेला. मित्रांनो, दारातून जाताना आधी मला वाकडं करावं लागायचं, मग आतल्या मुलीला.

माझा जन्म मेक्सिकोतल्या कुलियाकान शहरात, एदुविहेस नावाच्या शिंपिणीच्या हातून झाला. आमच्याकडे मुलगी पंधरा वर्षांची झाली की लग्नासारखा सोहळा होतो. खर्च एकटा बाप करत नाही. एकेक गोष्ट एकेका पाद्रिनोच्या, म्हणजे मानलेल्या धर्मपित्याच्या, वाट्याला येते. केकचा एक, बुटांचा एक, बँडचा एक. देणारा जन्मभर त्याची आठवण करून देतो, ते व्याज वेगळं.

नेरेओ फोटोवाल्यानं मला भाड्यानं द्यायला घेतलं. पहिली वर्षं मानाची गेली. बापाबरोबर नाचताना मुली रडायच्या आणि रुमाल सोडून माझ्याच बाहीला डोळे पुसायच्या.

मग वाघाची हौस आली. पैसेवाल्यांनी अंगणात वाघ-सिंह बांधले आणि पंधराव्या वाढदिवसाचा फोटो वाघाशिवाय अळणी ठरू लागला. एव्हारिस्तो नावाच्या बागायतदाराकडे रेइना नावाची वाघीण होती. फोटोत तिची साखळी दिसायला नको, ही नेरेओची अडचण. उपाय मी होतो. माझ्या घेराखालून साखळी जायची आणि ती धरून रेइनाचा राखणदार चूय आत उकिडवा बसायचा. वर राजकन्या, आत घामाघूम माणूस!

"चूय, शिंकू नकोस हं, झगा हलतो," नेरेओ म्हणायचा. फोटो पाहून लोक म्हणायचे, "काय धीट पोर!"

वस्त्रानं माणसाची लाज झाकावी. मी निर्लज्जपणा झाकत होतो, आणि वर कौतुक करून घेत होतो.

त्या दुपारी माझ्यात इत्सायाना नावाची मुलगी होती. तिच्या सोहळ्याचा बँड आणि वाघीण, दोन्ही एव्हारिस्तोकडून. रेइनाला नेहमीसारखी गुंगीचं औषध घातलेली कोंबडी दिली होती. पण त्या दिवशी तिला मान उचलेना. तिचा गरम श्वास माझ्या काठावर यायचा, थांबायचा, बऱ्याच वेळानं पुन्हा यायचा.

"पोरी, हात तिच्या डोक्यावर. हनुवटी वर!"

"ही नीट श्वास घेत नाहीये."

"ऊन लागलंय. मलाही लागलंय, मी करतोय का तक्रार?" नेरेओ म्हणाला.

इत्सायानाची आई ओबदुलिया दातांतल्या दातांत पुटपुटली, "हस गं बाई. पाद्रिनो बघतायत."

इत्सायानानं खाली पाहिलं. माझ्या काठावर लाल ओल पसरत होती. रेइनाची नखं उपटलेली होती, पंजे चिघळले होते. मला ते डाग नवे नव्हते. नेरेओ दर वेळी मीठ-लिंबू लावून मला धुवायचा, आणि मी स्वच्छ व्हायचो.

तिनं मला दोन्ही हातांनी धरून गुडघ्यापर्यंत उचललं. आत बसलेला चूय दिसला तसे पाहुणे खो-खो हसले.

"अरे चूय, तुझं पंधरावं कधी?"

मग त्यांना पंजे दिसले.

"झाक ते!" एव्हारिस्तो ओरडला.

"आधी डॉक्टर बोलवा, पाद्रिनो."

"बँड माझा आहे, विसरू नकोस."

"मग बँड न्या. वाघीण राहू द्या."

त्यानं खरंच बँड नेला. वाघीण उचलायची हिंमत मात्र झाली नाही, कारण सगळ्यांचे फोन तिच्याकडे रोखलेले होते.

"चारचौघांत तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस," ओबदुलिया लेकीला म्हणत होती, आणि म्हणता म्हणता सरबताच्या भांड्यात पाणी भरून रेइनाच्या डोक्यावर ओतत होती. चूयनं साखळी सोडली. इत्सायाना मला पसरून जमिनीवर बसली आणि तिनं रेइनाचं डोकं माझ्यावर घेतलं. डॉक्टर आला, त्यानं सुई टोचली, वाट पाहिली. ऊन उतरायच्या आत रेइना गेली.

मित्रांनो, माझ्या आडोशानं काढलेले कितीतरी फोटो आजही दिवाणखान्यांत सोनेरी चौकटीत हसत आहेत. मला त्यांची लाज वाटते. वाघाशेजारी हसणारं कुणी दिसलं, तर "वा!" म्हणण्याआधी विचारा, की इथं एवढं कापड कशाला पसरलंय? आणि जवळ असाल, तर ते उचला. कापडाला आपणहून उठता येत नाही.