यंत्राची राखण

ग्रामपंचायतीचा शिपाई सोनाजी बावीस वर्षांत एकच गोष्ट मनापासून शिकला होता: सरकारी वस्तूवर धूळ बसू द्यायची नाही. कचेरीतला टीव्ही झाकलेला, फोन झाकलेला, आणि नवा कॉम्प्युटर तर असा गुंडाळलेला की ग्रामसेवकालाही अजून त्याचं तोंड दिसलं नव्हतं. लोक चेष्टा करत. सोनाजीला ते कौतुक वाटे.

अशा माणसाच्या घरावर मात्र धुळीचाच मारा. वस्तीला लागून एका व्यापाऱ्याने हळद घोळायचा ढोल बसवला होता. शिजवून वाळवलेली हळकुंडं त्यात फिरली की साल उडे, आणि उन्हाळाभर भाकरी, पाणी, लेकरांच्या पापण्या सगळं पिवळं. हळदीने कधी कुणाला अपाय झालाय का, असं विचारणारे गावात पुष्कळ होते. त्यांची घरं ढोलापासून लांब होती. सोनाजीची बायको भागूबाई दोन उन्हाळे खोकत होती. यंदा तर हापशावरून अर्धी घागर आणताना ती तीनदा खाली बसायची.

हिंगोलीच्या डॉक्टरने समजावून सांगितलं होतं, "जाड धूळ नाकात अडते, शिंकेबरोबर निघून जाते. बारीक असते ती छातीत खोल उतरते आणि तिथंच राहते. औषधानं थोडा आराम पडेल, पण बाईंना चांगल्या हवेत बसवा."

चांगली हवा काय बाजारात मिळते? सोनाजीने हिंगोलीच्या सरकारी कचेरीत अर्ज दिले. उत्तर आलं की हवा मोजू, आकडा मर्यादेच्या वर गेला तर ढोल वस्तीजवळून हलवू. दोन वर्षांनी, २००५च्या एप्रिलात, एकदाचं यंत्र आलं.

ते ढोलासमोरच्या विहाराच्या गच्चीवर ठेवलं. यंत्राबरोबर आलेला साहेब तरुण आणि घाईतला. त्याने यंत्रात एक पांढरा कागद बसवला, बटण दाबलं आणि म्हणाला, "उद्या याच वेळेला येतो. महागाचं आहे मामा, नीट सांभाळा." कागद कशाला ते त्याने सांगितलं नाही आणि सोनाजीने विचारलं नाही. साहेबाला कुणी प्रश्न विचारतं का?

दुपारी ढोल फिरू लागला. पिवळा लोट गच्चीवर आला तसा सोनाजीचा जीव खालीवर झाला. एवढं महागाचं यंत्र, आणि त्याच्या राखणीत घाण होणार! तो धावत घरी गेला, भागूबाईचं धुतलेलं लुगडं आणलं, दुहेरी करून यंत्रावर पांघरलं आणि सुतळीने बांधलं. यंत्राची घरघर जरा मंदावली. सोनाजीला हायसं वाटलं. सकाळी साहेब यायच्या आधी त्याने लुगडं सोडून झटकलं, तेव्हा एवढी हळद उडाली की त्याला स्वतःचाच अभिमान वाटला. स्वच्छ यंत्र पाहून साहेबही खूश झाला.

महिन्याने टपाल आलं. ग्रामसेवकाने वाचून दाखवलं: धुळीचं प्रमाण मर्यादेत, हवा समाधानकारक.

"असं कसं व्हईल, साहेब?"

"त्यांनी तो कागद तोलला, सोनाजी. कोरा असतानाचं वजन आणि चोवीस तास हवा ओढल्यावरचं वजन. जेवढं वाढलं तेवढी धूळ. इथल्या कागदावर फारशी बसलीच नाही."

"मंग धूळ बसायलाच ठिवलं व्हतं व्हय ते? म्या तर बसूच देली न्हाई."

लुगड्याची हकिकत ऐकून ग्रामसेवक आधी हसला, मग त्याने कचेरीचं दार लोटून घेतलं. "हे कुठं बोलू नको. मोजणीत ढवळाढवळ केली म्हणून नोकरी जाईल. आणि हे पत्र फाइलला लागल्यावर आता पुन्हा कोण येतंय मोजायला?"

घरी जाताना सोनाजीने ठरवलं, नोकरी गेली तर जाऊ दे, पण बायकोपासून लपवायचं नाही. पण बातमी त्याच्या आधी पोचली होती. भागूबाई बाज अंगणात ओढून धापा टाकत बसली होती, आणि चेहरा मात्र हसरा.

"हवा चांगली निघाली म्हनं."

"न्हाई भागू, तो आकडा खोटा हाय. म्या तुझं लुगडं टाकलं व्हतं त्या मशीनवर. चूक माझी हाय."

"माझं मन राखून राहिले तुमी. सरकारचं मशीन लुगड्यानं फसतं व्हय?"

"खरं सांगून राहिलो. तुझी शपथ!"

"राहू द्या. खोट माझ्याच छातीत हाय. दोन साल उगाच त्या ढोलाला नावं ठिवली." तिने पदराने तोंड पुसलं. "डॉक्टर म्हनले ना, चांगल्या हवेत बसत जा. काहून आत कोंडून घेऊ मंग?"

समोर ढोल फिरत होता. सोनाजीने तिला उठवायला हात धरला, तो तिने हळूच सोडवला. ढोलाकडे तोंड करून, डोळे मिटून, ती मोठमोठे श्वास ओढू लागली. खोकल्याची उबळ आली की थांबायची, आणि पुन्हा ओढायची.