सासूबाईंची वाटणी

तिच्या घटस्फोटाचा निकाल लागून दोन महिने झाले होते. ती दातांच्या कवळ्या बनवायच्या कामाला होती. मेणात एकेक दात बसवताना हात जरा हलला, की कुणाचं तरी हसू जन्माचं वाकडं. वकिलांसमोर सामानाची वाटणी कपाटापासून कुकरपर्यंत बिनतक्रार झाली. सासूबाईंचं काय, हे मात्र कुणाच्या ध्यानातच आलं नाही. नवरा बदली घेऊन दुसऱ्या शहरात गेला, ती दोन गल्ल्या सोडून भाड्याच्या खोलीत राहायला लागली आणि म्हातारी आपल्या घरात एकटी उरली. तिचा मोतीबिंदू पिकला, तेव्हा फोन जवळ राहणाऱ्या माणसालाच, म्हणजे हिलाच आला.

दवाखान्यातल्या कारकुनाने शस्त्रक्रियेच्या संमतीचा फॉर्म पुढे ओढला. "पेशंटचं आणि तुमचं नातं?"

"सून," ती सवयीने बोलून गेली.

त्याने तिचं ओळखपत्र पाहिलं. "आडनाव जुळत नाही."

"माहेरचं परत लावलंय. घटस्फोट झालाय."

"मग तुमची सही चालायची नाही. मुलाला बोलवा."

तिने नाइलाजाने फोन लावला. निकालानंतरचं दोघांचं हे पहिलंच बोलणं. सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, "तू कशावरही सही करू नकोस. उद्या घरावर हक्क सांगितलास तर?"

"डोळ्याच्या फॉर्मात घर कुठून आलं?" तिने विचारलं. आवाज मात्र चढू दिला नाही.

सासूबाईंनी फोन मागून घेतला. "वेगळे तुम्ही दोघं झालात. मी कुणाला सोडचिठ्ठी दिलेली नाही. येतोस का आत्ता?"

"आई, आज रजा मिळणं..."

"मग ठेव."

बोलणं ऐकून डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "आजींना सगळं नीट कळतंय. त्यांची स्वतःची सही पुरे. घरी न्यायला कुणी सोबत असलं, की झालं." कारकुनाने गुपचूप फॉर्म म्हातारीकडे वळवला. तिने अंदाजाने पेन टेकवलं आणि सही रेघ सोडून वर चढली.

शस्त्रक्रिया अर्ध्या तासात आटोपली. पण परतताना सुनेच्या मनात आलं, आज निभावलं. उद्या या बेशुद्ध पडल्या तर? तिने आपल्या वकीलबाईंना गाठलं.

"वेळ पडली तर कुणाला विचारायचं, ते आजींकडून आत्ताच लिहून घ्या," वकीलबाई म्हणाल्या. "आणि घरावर हक्क सांगणार नाही, असं तुम्ही लिहून द्या. म्हणजे त्यांच्या मुलाचा जीव भांड्यात पडेल."

दुसरा कागद तिला झोंबला. तरी तिने सही केली.

रविवारी मुलगा आला. त्याने दोन्ही कागद दोनदा वाचले. आईच्या कागदावर पहिलं नाव त्याचं होतं, दुसरं हिचं.

"फोनवर बोललो, त्याचं वाईट वाटलं असेल तुला," तो म्हणाला.

"वाटलं."

तिने औषधाची बाटली त्याच्या हातात दिली आणि खालची पापणी कशी ओढायची ते दाखवलं. पहिले दोन थेंब गालावर ओघळले.

"अरे, डोळ्यात घाल, कानात नको!" म्हातारी कुरकुरली.

तिसरा थेंब नेमका पडला. सून चहा पिऊन निघायला उठली. एक कवळी अर्धवट राहिली होती, ती संध्याकाळपर्यंत द्यायची होती.