डावा गाल

फोटोग्राफीच्या वर्गात वच्छलाबाईला डुलकी लागली तेव्हा पडद्यावर सफरचंदाचा फोटो होता. आता सफरचंद बघायला कोणी भातकुलीहून येतं का, तुम्हीच सांगा! पहाटे उठून मेथीच्या जुड्या बांधायच्या, शहरात येऊन राजापेठेत दुकान मांडायचं, वांगी-टमाटर विकता विकता घसा कोरडा करायचा, उरलेला माल शेजारच्या लीलाबाईच्या हवाली करायचा आणि मग हा जिना चढायचा. एवढं झाल्यावर पंख्याखाली खुर्ची मिळाली की माणूस झोपणार नाही तर काय करेल?

"ताई, बरं वाटत नाही का?" शिकवणाऱ्या रूपाली मॅडमनी जवळ येऊन विचारलं.

"बरं हाये जी. बसायले भेटलं न, म्हनून डोया लागला."

कॉलेजातल्या पोरी खुदकन हसल्या. मॅडमनी खालून चहा मागवला आणि सफरचंद पुढे चालू केलं.

मोबाइलवर फोटो कसे काढायचे, ते नवशिक्यांना शिकवणारा हा रविवारचा वर्ग होता. कोणाला फुलपाखरं टिपायची होती, कोणाला लग्नाच्या ऑर्डरी घ्यायच्या होत्या. वच्छलाबाईला फक्त नवऱ्याला अकोल्याला न्यायचं होतं.

तिच्या नवऱ्याला, सहदेवला, मागे लकवा मारून गेला. काठीच्या आधाराने तो चालू लागला, पण डावा गाल लोंबला तो लोंबलाच. तोंड एका अंगाला ओढलेलं, डावा डोळा सारखा पाझरणारा. तेव्हापासून तो दाराबाहेर पडायला तयार नव्हता. पोरगी प्रणाली हिला बघायला अकोल्याची मंडळी आली, तर हा ताप आल्याचं निमित्त करून आतल्या खोलीत पडून राहिला. थोरल्या भावाने, खुशालरावांनी, बोलणी केली. आता साखरपुडा अकोल्यात ठरला होता, आणि याचं आपलं एकच टुमणं.

"मी नाही येत. ते फोटोवाले येतीन. हे वाकडं थोबाड पोरीच्या अल्बमात जलमभर राहीन. माह्या जागी दादाले बसवा."

"बाबा नसतीन त मी बी नाही जात," म्हणून प्रणालीने रडून डोळे सुजवले. बापाला पोरीचं ऐकवेना, पोरीला बापाचं पटेना, आणि दोघांच्या मध्ये वच्छलाबाईचं भरीत.

शेवटी तीच म्हणाली होती, "फोटोवाल्याले मी तुमच्याजवळ येऊच नाही देत. तुमचे फोटो मी काढीन."

"तू? तुह्या फोटोत त तुहा आंगठाच येते!"

"शिकीन. पयले एक काढून दाखवीन. पसंत पडला त तुमी याचं अकोल्याले. कबूल?"

"कबूल," सहदेव म्हणाला. तिला हे जमणार नाही, याची त्याला खातरी होती.

वर्गात चहा पोटात गेला आणि मॅडम सफरचंदावरून खिडकीवर आल्या. "खिडकीजवळ माणूस बसवा. चेहऱ्याची जी बाजू उजेडाकडे, ती खुलते. दुसरी सावलीत जाते."

वच्छलाबाईची झोप खाडकन उडाली. "मंग दुसरी दिसत नाही का जी?"

"नीट बसवलं तर अजिबात नाही."

अगं बाई! हे तर ती रोजच करत होती. किडकं वांगं फेकायचं नसतं, भोक खाली करून मांडायचं, वरून तुकतुकीत गाल गिऱ्हाईकाकडे. त्यासाठी जिना कशाला चढायला हवा होता?

पुढच्या रविवारी प्रत्येकाने घरातल्या माणसाचा फोटो आणायचा होता. वच्छलाबाईने सकाळच्या उन्हात सहदेवला खिडकीशी बसवलं, तोंड पुसलं, हनुवटी धरून मान वळवली. "अजी, अजून थोडं. हां. आता हालू नोका." डाव्या खांद्यावरचा दुपट्टा तिने गालापर्यंत ओढून घेतला. सहदेव मुकाट्याने वळवला तसा वळला.

फोटो असा आला की मॅडमनी तो पडद्यावर मोठा करून दाखवला. "हे तुमचे मिस्टर? काय रुबाब आहे!" वर्गाने टाळ्या वाजवल्या. कित्येक दिवसांत वच्छलाबाईला कोणी चांगलं म्हटलं नव्हतं. ऑटोत तिची कंबर ठणकत होती, पाय सुजले होते, तरी पदराखालचा मोबाइल तिने घट्ट धरून ठेवला होता.

सहदेव अंगणात खाटेवर बसला होता. त्याने फोटो बघितला, बराच वेळ बघितला.

"मस्त हाये," तो म्हणाला.

"मंग? येता न अकोल्याले?"

त्याने मोबाइल परत दिला. "याले ने अकोल्याले. मी घरी राह्यतो."

वच्छलाबाईचा असा संताप झाला! हातातली पिशवी तिने धाडकन ओट्यावर आदळली. "काहून करून राहिली मी हे सारं? मले काही हौस हाये का? उभ्या उभ्या झोप येते मले! वावर पाहू, दुकान पाहू, तुमाले पाहू, का पोरीचं रडनं पाहू?"

सहदेवने तिचं बोलणं संपू दिलं. मग अडखळत म्हणाला, "वच्छले, तू किडकं वांगं कसं मांडतं?"

तिने वळून त्याच्याकडे बघितलं.

"लोकायपासून त मीच लपलो. पन हे तोंड तू रोज पुसतं. तुलेबी ते झाकाचं वाटलं त मंग मी कोनाले दाखवू?"

वच्छलाबाई मटकन खाटेच्या कडेला बसली. तिने तर विचारही केला नव्हता. हात सवयीने वळला होता. तिला भडभडून आलं.

"थकली जी मी," ती म्हणाली. "लय थकली. पन तुमची लाज नाही वाटत मले. देवाशप्पथ नाही."

थोड्या वेळाने तिने डोळे पुसले आणि मोबाइल उचलला. "माह्याकडं पाहा. सरळ."

सहदेवने दुपट्टा स्वतःच काढून बाजूला ठेवला. ऊन समोरून येत होतं. सगळा चेहरा उजेडात होता: ओढलेलं तोंड, पाझरता डोळा, लोंबलेला गाल. तिने बटण दाबलं. फोटोच्या कोपऱ्यात तिचा अंगठा आला होता.

"पाह्य! सांगतलं होतं न!" सहदेव हसला, अर्ध्याच तोंडाने, पण खळखळून. मग म्हणाला, "हाच पाठव. देवमनरावले."

"आपल्या याह्याले? प्रनालीच्या सासऱ्याले?"

"हो. आताच पाहून घेतीन. तिथं गेल्यावर दचकाचं काम नाही."

तिने फोटो पाठवला. उत्तराची वाट बघण्याइतकं त्राण तिच्यात उरलं नव्हतं. तिथेच, त्याच्या पायाशी, ती आडवी झाली. डोळा लागतो न लागतो तोच अकोल्याचा फोन वाजू लागला. उठायला हवं, असं तिला वाटलं, पण अंग उठेना. लकवा झाल्यापासून सहदेवने कोणाचा फोन उचलला नव्हता. ती तशीच पडून राहिली.

वाजता वाजता फोन थांबला, आणि तिच्या डोक्याशी जड, बोबडा आवाज आला.

"हॅलो. हो जी, मीच फोटोतला. प्रनालीचा बाप बोलतो."