बांधाकडच्या चार ओळी

थंडी सरायला लागली की माझी जीभ माजते. सून म्हणते, "आई, तुम्हाला माघात डोहाळे लागतात." म्हणू दे. लातूरच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर सकाळी गॅलरीत उन्हाचा एक तुकडा येतो. खाली पार्किंगपाशी कुणीतरी लावलेल्या आंब्याला मोहोर फुटलेला असतो. त्या उन्हात खुर्ची ओढून बसले, बशीत चहा ओतला, की मी कुणाला विचारत नाही. माझा मुलगा सुदर्शन गाडी काढताना खालून हात करतो आणि मी बशी उचलून दाखवते. म्हातारपणी माणसाला याहून जास्त काही लागत नाही, असं मी सगळ्यांना सांगते. ते पूर्ण खरं नाही. मला मुरुडहून येणारी बाटली लागते.

बाटली म्हणजे आंब. हरभऱ्याच्या पाल्यावर रात्री पडलेल्या दवात पाल्याचा आंबटपणा उतरतो. पहाटे ते कपड्यानं टिपायचं, पिळायचं आणि बाटलीत भरून ठेवायचं. पोट दुखलं, खाल्लेलं अंगावर आलं की चमचाभर आंब पाण्यातून घ्यायची. माझा धाकटा भाऊ मलप्पा दर वर्षी न चुकता पाठवतो. बाटली आली की मी आधी शेजारच्या साखराबाईंचं दार वाजवते. त्यांना पोटाचा त्रास आहे आणि मला ऐकणारं माणूस हवं असतं.

"बाजारातली आंब म्हणजे लिंबूसत्त्वाचं पाणी," मी त्यांना सांगते. "आमच्या रानातली जिभेवर पडली की कानशिलं ताठतात. डोळे बांधून द्या, ओळखून दाखवीन."

मागची तीन-चार वर्षं आंब पाण्यासारखी नितळ यायची. पूर्वीची दोन दिवसांत तांबूस व्हायची. साखराबाईंनी विचारलंही. मी म्हणाले, आमची भाचेसून, मलप्पाच्या सोमेशची बायको स्वप्नाली, फार टापटिपीची आहे, दोनदा गाळते.

लहानपणी आंब काढायचं काम आम्हा दोघा भावंडांचं. तांबडं फुटायच्या आधी आमचे वडील, आप्पा, हाक मारायचे. अव्वा, म्हणजे आई, कपाळाला विभूती लावून पाठवायची. आप्पांचं जुनं धुतलेलं धोतर, त्याचं एक टोक माझ्या हातात, दुसरं मलप्पाच्या. मी या सरीतून चालायची, तो त्या सरीतून, आणि मधल्या हरभऱ्यावरून धोतर लोळत यायचं. पाय गारठून जायचे. घोट्याला पाला लागून आग व्हायची, पण थांबायचं नाही. वावराच्या त्या टोकाला पोचलो की धोतर जड झालेलं असायचं. मग मी माझ्याकडून पीळ द्यायची, तो त्याच्याकडून, आणि खाली ठेवलेल्या तांब्यात धार पडायची. मलप्पा लबाड. पिळता पिळता कोपरापर्यंत आलेला ओघळ चाटायचा आणि एक डोळा मिटून असा थरथरायचा की माझ्या हातातून धोतर सुटायचं. तेवढ्यात ऊन यायचं. आप्पा बांधावर वाळली काटकी पेटवून हिरव्या हरभऱ्याचा हुळा भाजायचे. राखेतले घाटे फुंकून फुंकून खायचे आणि काळ्या तोंडानं शाळेत जायचं. मास्तर विचारायचे, तोंड का धुतलं नाही? धुतलं तर चव जाते, असं मलप्पानं एकदा सांगितलं होतं आणि छडी खाल्ली होती.

आप्पा गेल्यावर मलप्पा हक्कसोडीचे कागद घेऊन आला. बरोबर इरकल साडी होती. आमच्यात बहिणीनं माहेरच्या जमिनीत हिस्सा मागितला की माहेरचं दार बंद झालं, हे न सांगता सगळ्यांना कळतं. माझे मालक तेव्हा होते. ते म्हणाले, विचार कर. मी विचार केला नाही. मला जमीन नको होती, दार उघडं हवं होतं.

"सही देते," मी म्हणाले. "पण बांधाकडच्या चार ओळी माझ्या. तिथं दर साल हरभरा टाकायचा, फवारा मारायचा न्हाई, आणि त्याची आंब मला पाठवायची."

"आक्का, चार ओळी काय, आख्खं वावर तुझं हाय," मलप्पा म्हणाला आणि माझ्या पाया पडला. मी रडले. तोही रडला. सही झाली.

पुढं मालकांचं आजारपण आलं, मग ते गेले, मग माझे गुडघे गेले. मुरुड आहे किती लांब? पण वर्षं निघून गेली. यंदा गुडघ्यांचं ऑपरेशन होऊन मी जिना चढायला लागले आणि मोहोराचा वास आल्याबरोबर मलप्पाला फोन लावला.

"कशाला दगदग, आक्का? बाटली पाठवतो की सोमेशच्या हातून."

"बाटली नको. मी वावरात येणार. आप्पांचं धोतर हाय माझ्याकडं. एक टोक तू धर, एक मी."

तिकडून तो दोनदा खोकला. मग म्हणाला, "ये की. घर तुझंच हाय."

घर नवीन होतं. दोन मजली, फरशी इतकी गुळगुळीत की मी भिंत धरून चालले. मला आनंदच झाला. भावाचं बरं झालं तर बहिणीला वाईट वाटतं काय? सोमेश आणि स्वप्नाली पाया पडले. संध्याकाळी स्वप्नालीनं अंगणात हुळा भाजला.

"आपल्याच रानातला?" मी विचारलं.

"खा की, आक्का. गरम हाय तंवर खा," मलप्पा म्हणाला.

"सकाळच्या पारी जाऊ वावरात."

"सकाळी लई गारठा ऱ्हातो. दुपारून बगू."

"दुपारी आंब असते व्हय रे, येड्या?"

तो हसला, पण मान वर केली नाही. स्वप्नाली उठून आत गेली. मी आपली घाटे सोलत राहिले. तोंड काळं करून घेतलं आणि पुसलंही नाही.

पहाटे सगळे झोपलेले असताना धोतर काखेत मारून आणि पाण्याची रिकामी बाटली पिशवीत टाकून मी निघाले. म्हटलं, याला थंडी वाजते तर राहू दे, चार ओळी काढायला मला किती वेळ लागतो? वाट पायांना पाठ होती. ओढा ओलांडला आणि समोर लोखंडी कमान आली. मला वाटलं चुकले. मागं फिरले, पुन्हा ओढ्यापासून आले. पुन्हा कमानच. आत मुरमाचा रस्ता, विजेचे खांब, आणि सगळीकडं लाल रंगानं प्लॉटचे आकडे घातलेले दगड. आमच्या बांधावरची चिंच तेवढी जागेवर होती. तिच्याखाली उभी राहिले तेव्हा खात्री पटली.

चिंचेपासून ओढ्याकडं माझ्या चार ओळी. तिथं गाजरगवत होतं आणि एक दगड होता.

मला राग आला असं म्हणायला पाहिजे, पण आधी नुसती लाज वाटली. कुणी बघत नाही ना, म्हणून मी इकडंतिकडं पाहिलं. मग धोतर पसरलं. का पसरलं ते विचारू नका. एवढं जपून आणलं होतं. आंबटानं खाऊन त्याची चाळण झालेली, तरी गवतावर घातल्यावर ते ओलं झालं. पिळायला दुसरं टोक धरणारं कुणी नव्हतं, म्हणून ते त्या दगडाला बांधलं आणि एकटीनं पीळ दिला. घोट-दोन घोट निघालं असेल. बोट बुडवून चाखलं. पाणी होतं.

परत आले तेव्हा मलप्पा विभूती लावून ओट्यावर चहा पीत बसला होता. माझ्या हातातलं धोतर बघून त्यानं कप खाली ठेवला.

"घे," मी बाटली पुढं केली. "तुझ्या वावरातली आंब. चाखून बग."

त्यानं बाटली तोंडाला लावली. ज्या पोराला थेंबभर आंबेनं थरथर सुटायची, तो गप्पकन गिळून म्हणाला, "आंबट हाय."

"पाणी हाय, मलप्पा."

त्यानं झाकण लावून बाटली माझ्याकडं सरकवली. दारात आलेली स्वप्नालीच बोलली. "आत्या, मी बनवायची. लिंबूसत्त्व अन् काळं मीठ. मामंजी म्हणायचे, कडक कर, आक्काच्या जिभेला कळतं."

"इकलंस तर इकलंस," मी मलप्पाला म्हणाले. "मला सांगायचं व्हतं. माझं तोंड आंबट करायला असली सोंगं कशाला?"

"सांगून काय करायचं व्हतं? सही तूच दिलीस. कागदावर तुझ्या चार ओळी कुठंयत?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "अन् वावर इकल्यावर पहिल्या साली बाटली पाठवली तव्हा तूच फोनवर म्हणालीस, आक्का, औंदाची आंब लई झकास हाय, अशी कधीच खाल्ली न्हाई. मग मला वाटलं, चालतंय. तुला चालतंय."

मी म्हणाले होते. तस्संच म्हणाले होते.

पिशवी भरली. स्वप्नालीनं कुंकू लावलं, ओटीत साडी घातली. मलप्पा स्टँडपर्यंत आला आणि खिडकीशी उभं राहून म्हणाला, "येत जा, आक्का." मी मान हलवली. गाडी लवकर सुटली ते बरं झालं.

घरी येऊन पाठ टेकते तोच साखराबाई आल्या. पोट धरूनच आल्या. "मुरुडला जाऊन आलात म्हणे. सकाळपासून कळ थांबेना. यंदाची ताजी आंब असेल ना?"

आता सांगावं, असं मनात आलं. तोंड उघडलं, पण मला त्यांच्यासमोर माहेर नसलेली बाई व्हायचं नव्हतं.

"आहे की. बसा," मी म्हणाले.

स्वयंपाकघरात गेले. मलप्पानं घोटभर पिऊन उरलेलं दवाचं पाणी बाटलीत होतं. सुनेच्या ढोकळ्याच्या सामानात लिंबूसत्त्व असतं. चिमूटभर टाकलं, काळं मीठ टाकलं, हलवलं. साखराबाईंनी घोट घेतला, डोळे घट्ट मिटले आणि म्हणाल्या, "काही म्हणा, माहेरची चव ती माहेरची."

"आमच्याच वावरातलं दव आहे," मी म्हणाले. ते तर खरंच होतं.

त्या गेल्यावर चमच्याला राहिलेला थेंब मी चाटला. कानशिलं ताठली. डोळे मिटून मी लहानपणची चव आठवायला बसले. पहाट आठवली, आप्पांची हाक आठवली, मलप्पाचं कोपर आठवलं. चव आठवली तीही हीच होती, लिंबूसत्त्वाची. दुसरी कुठली मला आठवेना.