शेवटच्या प्रकरणात मुलगी बोलते

लहान मुलांसाठी भीतीचं पुस्तक लिहायला फार अक्कल लागते असं नाही. पुण्याच्या प्रकाशकांनी मला त्याचं सगळं शास्त्र एका पोस्टकार्डावर कळवलं होतं. प्रत्येक प्रकरण किंकाळीवर संपवा, आणि पुढच्या प्रकरणात ते नुसतं मांजर निघू द्या. मोठ्या माणसांनी मुलांवर विश्वास ठेवायचा नाही. ठेवला तर गोष्ट तिथंच आटोपते. एकही मूल मरता कामा नये. आणि सगळं संपल्यावर, अगदी शेवटच्या पानावर, मेलेल्या दुष्टाचा एक डोळा उघडला पाहिजे, म्हणजे दुसरा भाग खपतो.

मी बुद्धरत्न, महाडच्या एका हायस्कुलात मराठी शिकवतो. २००० सालच्या दिवाळीत माझं ‘रंग्याचा डाव’ बाजारात आलं. पोस्टकार्डावरचं सगळं मी पाळलं होतं, फक्त डोळा उघडला नाही. माझा रंग्या हा बोलका बाहुला. तो एका मुलीचा आवाज चोरतो. मग ती त्याच्याशिवाय कुणाशीच बोलू शकत नाही. शेवटी तिच्या मैत्रिणी त्याला चोरून नेऊन होळीत जाळतात, आणि ती मुलगी हसत हसत बोलायला लागते. प्रकाशक कुरकुरले. मी म्हटलं, पोरांना जरा गोड शेवट मिळाला तर काय बिघडतं?

त्या गोड शेवटाचा मला फार अभिमान होता. आज तो आठवला की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

कारण ती मुलगी मी कल्पनेतून आणलेली नव्हती. पोलादपूरच्या वर डोंगरात एक वाडी आहे. तिथला जानू माझा जुना दोस्त. साक्षरता अभियानात आम्ही दोघं गावोगाव हिंडलो. मी संवाद लिहायचो आणि जानू बाबल्याला मांडीवर घेऊन बोलता करायचा. बाबल्या म्हणजे त्याने स्वतः सावरीच्या लाकडातून कोरलेला बाहुला. विटकरी कोट, पिवळी बटणं, नाकाचा टवका उडालेला. जानूचे ओठ जराही हलायचे नाहीत. बायका हसून हसून डोळे पुसायच्या.

मंजुळा ही जानूची नात. सात वर्षांची असताना ती आईबरोबर गवत कापायला गेली आणि आईला फुरसं चावलं. पोरीने डोंगरावरून हाका मारल्या, घसा फुटेपर्यंत मारल्या. कुणालाच ऐकू गेल्या नाहीत, आणि आई तिथंच गेली. त्या दिवसापासून तिचं बोलणं बंद. बाप बिरवाडीला खोली घेऊन कारखान्यात कामाला होता. तो रविवारी यायचा, तिच्यापुढे नुसता बसायचा आणि परत जायचा. आठ महिन्यांनी एका दुपारी ती बाबल्यापाशी जाऊन बसली आणि म्हणाली, “तुला भूक लागली?” जानू पडवीत दोर वळत होता. त्याने हातातलं काम थांबवलं नाही, मान वर केली नाही. बाबल्याच्या आवाजात म्हणाला, “लागली तर गो!”

तेव्हापासून ती रोज बाबल्याशी बोलायची. दिवसाला दहा वाक्यं, मग वीस. माणसांशी अजून एक शब्द नाही. डॉक्टर म्हणाले, चालू द्या, घाई करू नका, ह्याच वाटेने ती माणसांपर्यंत येईल.

हे मी एकदा माझ्या डोळ्यांनी पाहिलं आणि अंगावर काटा आला. चांगला माणूस असतो तर डोळ्यांत पाणी आलं असतं. मला विषय मिळाला. जानूला न विचारता मी सगळं उचललं, कोट, बटणं, नाकाचा टवकासुद्धा. नाव तेवढं बदललं. वर निर्लज्जपणा असा, की वाडीच्या शाळेला पाच प्रती भेट दिल्या आणि शेवटचं प्रकरण स्वतः वाचून दाखवलं. मंजुळा तेव्हा शाळेत जात नव्हती. संध्याकाळी घरी जानूने कौतुकाने माझ्या पाठीवर थाप मारली. पुस्तक काही त्याने उघडून पाहिलं नाही.

होळीच्या दिवशी सकाळी शेजारच्यांकडे त्याचा फोन आला, पोलादपूरच्या एसटीडी बूथवरून.

“मास्तर, बाबल्या नाय. पडवीतनं कुणी तरी न्हेलाय. हितं बाजारात पण इचारून झालं. मंजी सकाळपासून घरभर शोधतेय, नुसती थरथरतेय. काय करू रे मी?”

कुणी नेला, कशासाठी नेला आणि कुठे ठेवला, हे मला पान नंबरासकट ठाऊक होतं. “जानू, होमात बघ!” मी ओरडलो. तोवर लाईन तुटली होती.

त्या वाडीत होळीचा होम सकाळी लागतो, देवाची पालखी आली की. आधी आठ दिवस पोरं गावभर लाकडं चोरत हिंडतात, आणि ती चोरी सगळ्यांना मान्य असते. वाटेत पकडलंत तर हिसकावून घ्या, शिव्या घाला. पण लाकूड एकदा होमात पडलं की ते देवाचं झालं. मग ते मालकानेही परत काढायचं नाही. हा रिवाज मला माहीत होता, म्हणूनच तर मी तो पुस्तकात घातला होता. सुटका नसलेली जागा गोष्टीला फार उपयोगी पडते.

शेजाऱ्याची मोटारसायकल घेऊन मी सुटलो. पोलादपूरपर्यंत महामार्गावर ट्रकमागून ट्रक. पुढे वाडीचा कच्चा रस्ता चढताना गाडी दोनदा बंद पडली. मी मोठमोठ्याने शिव्या देत होतो, गाडीला आणि स्वतःला.

पोचलो तेव्हा पालखी आलेली नव्हती. मैदानात होम माणसापेक्षा उंच रचला होता, आणि वरच्या फांद्यांमधून बाबल्याचं डोकं दिसत होतं. नाकाचा टवका उन्हात पांढरा दिसत होता. खाली पोरांनी हातात हात धरून कडं केलं होतं. मधोमध आवडी उभी होती, अकरा वर्षांची. मंजुळा गप्प झाल्यावरही रोज तिच्याशेजारी येऊन बसणारी ही एकटी.

“आवडी, तो बाहुला खाली काढा. ते पुस्तक खोटं आहे गो. मी मनाने रचलंय.”

तिने माझ्याकडे दयेने पाहिलं. “नवव्या पाठात मामा असंच बोलतो, सर. ‘सगळं खोटं हाय, बाहुला सोडा.’ तवा मामाच्या तोंडातनं रंग्याच बोलत असतो.”

खरं होतं. ते प्रकरण मला सगळ्यात चांगलं जमलं होतं.

“अगो, मंजुळा त्याच्याशी बोलते. फक्त त्याच्याशी. तो गेला तर तेवढंही जाईल!”

“म्हंजे तिचा आवाज त्याच्यापाशीच हाय!” आवडीचे डोळे चमकले. ती पोरांकडे वळली. “बघा, मी सांगत नव्हते?”

मग माझा तोल सुटला. मी ओरडलो, हात उगारला, एकेकाला शाळेतून काढायला लावीन म्हणालो. मोठी माणसं खवळली की समजायचं, आपण बरोबर वाटेवर आहोत. सहाव्या प्रकरणात हे मीच लिहिलं होतं. पोरांनी कडं आणखी घट्ट केलं. एक जण दुसरीला हळूच म्हणाला, “सरांना पण धरलंय त्येनं.”

मी भैरू मानकऱ्याकडे धावलो. होम पेटवण्याचा मान त्यांचा. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“पोरांनी आणलं, होमात घातलं. आता त्ये देवाचं. तुमाला का ह्ये सांगाया हवं, मास्तर?”

होम माझ्यापासून दहा पावलांवर होता. पोरांना ढकलून, वर चढून ओढला असता, तर बाबल्या निघाला असता. पण मी कोण, कुठल्या समाजाचा, हे त्या मैदानात प्रत्येकाला ठाऊक होतं. मी होमाला हात लावला असता तर भांडण बाहुल्याचं राहिलं नसतं, आणि त्याचा जाब पायथ्याशी राहणाऱ्या आमच्या लोकांच्या चार घरांना वर्षभर द्यावा लागला असता. हे सगळं खरं आहे. मी घाबरलो, हेही तेवढंच खरं आहे. मी जागचा हललो नाही.

तेवढ्यात जानू मंजुळाचा हात धरून आला. त्याने वर पाहिलं आणि त्याचा चेहरा पार उतरला.

“भैरू, त्ये लाकूड नाय रे. आपला बाबल्या हाय त्यो.”

“जानू, माझ्या बापाची खाट होमाला कुणी आणली व्हती? तूच ना? म्हातारा पावसाळाभर भुईवर झोपला, पण मागाया आला नाय.” भैरूंच्या आवाजात राग नव्हता. “मी आज तुला काढू दिला, तर उद्या कुणाकुणाला नाय म्हणू?”

मग आवडीच पुढे आली. आपण केवढं चांगलं काम केलंय, हे सांगायला ती अधीर झाली होती.

“आजा, रडू नको. आता मंजी बोलंल. सरांच्या पुस्तकात लिवलंय. कोट, बटणं, नाक, समदं बराबर लिवलंय.”

जानूने माझ्याकडे वळून पाहिलं. “मास्तर?”

मी खाली मान घातली.

ढोल वाजले, पालखी आली. भैरूंनी खालच्या गवताला आग लावली आणि सगळ्या गावाने तोंडावर हात मारून बोंब ठोकली. वाळलेलं लाकूड, चैताच्या तोंडावरचं ऊन. ज्वाळा बघता बघता वर गेल्या. कोटाने आधी पेट घेतला. मंजुळाचं तोंड उघडलं. मी तिच्या इतका जवळ होतो की वाकून कान लावला. आवाज नव्हता, नुसता श्वास आत-बाहेर होत होता.

तेव्हा जानू तिच्यापाशी बसला आणि ज्या आवाजाने तिला परत आणलं होतं, त्या बाबल्याच्या आवाजात बोलला.

“मंजे, मी हाय गो. हितंच हाय.”

त्याची कला इतकी सच्ची, की आवाज त्याच्या तोंडून आला असं तिला वाटणं शक्यच नव्हतं. बाबल्या जिथे, आवाज तिथे. तिने हाताला हिसडा दिला आणि सरळ आगीकडे धावली.

मी झेप घेऊन तिला कमरेला धरलं. ती माझ्या मनगटाला कडकडून चावली, लाथा झाडत राहिली, आणि ह्या सगळ्यात तोंडातून हूं की चूं नाही. जानूने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं होतं. बाबल्याचा आवाज त्यानंतर त्याने कधीही काढला नाही, मंजुळासमोरही नाही आणि माझ्यासमोरही नाही.

वरच्या फांद्या खाली कोसळल्या तशी तिची धडपड थांबली. मी तिला बाजूला आंब्याखाली नेऊन बसवलं. हळूहळू पोरं जमली. तोंडं राखेने माखलेली, पण ढकलाढकली नाही, हसणं नाही. सगळी तिच्याभोवती अर्धगोल करून उकिडवी बसली. आवडीने होमातल्या भाजलेल्या नारळाचा तुकडा फुंकून गार केला आणि तिच्या हातात ठेवला.

“मंजे, आता बोल. आता तुला कोण अडवनार नाय.”

मंजुळा राखेकडे बघत होती. पोरं थांबली. बराच वेळ थांबली. शेवटी आवडीने माझ्याकडे पाहिलं.

“सर, किती टायम लागतो?”

“मला माहीत नाही, आवडी.”

“असं कसं, सर?” ती म्हणाली. “शेवट तुमीच लिवलाय ना?”