स्ताव्रीच्या पाणपोईवरचा पेला

मी एक जुना पेला आहे. तांब्याचा, आतून कल्हई केलेला. आहे म्हणतो खरा, पण कुणाचा, ते आज सांगता येत नाही.

थांबा मित्रांनो, नीट सुरुवात करतो.

बल्गेरियात, स्त्रांजाच्या डोंगरात, तुर्कस्तानच्या सीमेजवळ, केरात्सा आजीने आपल्या वारलेल्या वडिलांच्या, म्हणजे स्ताव्रीच्या नावाने दगडी पाणपोई बांधली आणि मला तिथे साखळीने अडकवलं. आमच्याकडची रीत अशी : पाणी प्यायचं आणि ज्याच्या नावाची पाणपोई, त्याच्यासाठी म्हणायचं, ‘देव त्याला क्षमा करो.’ गुराखी म्हणाले. लाकूडतोडे म्हणाले. सीमेवरचे शिपाईसुद्धा. प्रत्येक जण मला उपडा करून ठेवायचा. चांगले दिवस होते.

मग—

साखळी कापली.

आजीच्या नातवाने. ग्रुदीने. अंगावर शिपायांसारखे कपडे, दंडावर घरी शिवलेला बिल्ला. त्याच्या टोळीला कुणी नेमलेलं नव्हतं. सीमा ओलांडून येणाऱ्यांना ती पकडायची.

“पाणीच मिळालं नाही, तर येतील कशाला?” असं म्हणून त्याने पाणपोईच्या तोंडात खुंटी ठोकली. मला कमरेला लटकवलं. गुराखीही कोरड्या तोंडाने पुढे जाऊ लागले. ‘देव त्याला क्षमा करो’ असं कुणी म्हणेना.

आज टोळीने एकाला पकडलं. हात मागे बांधून पाणपोईसमोरच बसवलं. त्याचे ओठ फुटलेत.

आजी आली. काठीने खुंटी उडवली.

“आजी, घरी जा तू.”

“माझ्या बापाच्या नावाला बूच मारलंस, गाढवा?”

“हा बाहेरचा आहे!”

“आणि हा स्ताव्री, तुझे पणजोबा? याच खिंडीतून आले, डोक्यावर गोधड्या घेऊन. गावाने कुत्री सोडली त्यांच्यावर.”

“ते आपलेच होते. बल्गेरियन!”

“हे तू आज म्हणतोस. तेव्हा गाव त्यांना तिकडची घाण म्हणायचं.”

टोळीतला एक जण फिसकन हसला. ग्रुदीचे कान लाल झाले.

आजीने मला त्याच्या कमरेवरून ओढलं. भरलं. त्या माणसाच्या तोंडाशी नेलं, पण सगळं पाणी त्याच्या गुडघ्यांवर सांडलं. तिने मला पुन्हा भरलं आणि ग्रुदीच्या हातात दिलं.

“माझे हात कापतात. तू पाज.”

मी आत्ता त्याच्या हातात आहे. काठोकाठ. टोळी त्याच्याकडे बघते आहे. बांधलेला माणूस फक्त माझ्याकडे.

मित्रांनो, मला घासूनपुसून फडताळात ठेवा, असं मी म्हणत नाही. भरलेला पेला फार वेळ धरून ठेवू नका. हात अवघडतो. पाणी हलतं, सांडतं.

वाक, ग्रुदी. जरासा वाक.