विनताचा तापलेला हात

अंगात कणकण असताना कामावर येणाऱ्याचं आपल्याला भारी कौतुक, आणि सुट्टी मागणाऱ्याचा राग. त्यापायी जबलपुरातल्या एका घरात काय होऊन बसलं, ते ऐका मंडळी.

विनता मुरलीधरकाकांची देखभाल करायची. काका दारूगोळ्याच्या कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेले, आणि आता कॅन्सरच्या औषधांनी पार खंगलेले. डॉक्टरांनी बजावलं होतं, साधं पडसं झालेलं माणूसही त्यांच्याजवळ नको, आणि जरा ताप दिसला की तडक दवाखाना गाठायचा.

नेमका दोन दिवसांपासून विनताचाच घसा धरला होता. त्या सकाळी अंगही तापलं. मास्क लावला तर संशय येईल म्हणून तोही न लावता तिनं आपल्या गावाहून, सिहोऱ्याहून, जबलपूरची नेहमीची बस पकडली. मागच्या महिन्यात सुट्टी मागितली, तेव्हा काकांची मुलगी सुखदा सरळ म्हणाली होती, "जमत नसेल तर सांग, मी दुसरी बाई बघते." विनताच्या घरात कमावणारी ती एकटीच. ती कशाला तोंड उघडेल?

आल्या आल्या तिनं काकांच्या कपाळाला हात लावला. थर्मामीटर काखेत धरून बसायचा काकांना कंटाळा, म्हणून सगळा भरवसा हातावरच.

"आज अंग गारच आहे काका," ती म्हणाली. सुखदा निश्चिंत झाली आणि शाळेत शिकवायला जाण्यासाठी पर्स शोधू लागली.

काकांनी मात्र विनताचं मनगट धरलं. "गार कुठलं? तुझा हातच तापला आहे. काहून लपवून राहिली?"

"काही नाही काका. उन्हात चालत आली ना."

"थर्मामीटर आण. दोघांनाही लाव."

विनताला एकशे एक ताप निघाला. काकांनाही शंभराच्या वर!  जिला ताप ओळखायला ठेवलं होतं, तिच्याच तापानं काकांचा ताप झाकला होता.

सुखदा भडकली. "बाबांच्या जिवाशी खेळून राहिली तू! एक शब्द सांगता नाही आला?"

विनता केव्हाच दारापर्यंत मागे सरली होती. पदर तोंडावर धरून ती म्हणाली, "चूक माझीच आहे दीदी. पण सांगितलं असतं, तर उद्या दुसरी बाई आली असती."

 सुखदानं फोन करून गाडी बोलावली. गाडी येईस्तोवर काका धापा टाकत बोलत राहिले.

"आमच्याकडे बारूद भरायच्या खोलीत काडेपेटी न्यायला सक्त मनाई. तरी कुणी चुकून न्यायचा. जो स्वतः येऊन सांगायचा, त्याला मी कधी शिक्षा लावली नाही. लावली असती, तर दुसऱ्या दिवशी दहा जणांनी लपवली असती, अन् सगळेच उडालो असतो. तू तर सुट्टी मागणारीलाच काढायची धमकी दिलीस, बेटा. मग लपवायला तिला शिकवलं कुणी?"



दवाखान्यात लगेच सलाईन लागलं. आणखी अर्धा दिवस गेला असता तर अवघड होतं, असं डॉक्टर स्पष्ट म्हणाले. तीन दिवस सुखदा तिथल्या बाकावर जीव मुठीत धरून बसली. चौथ्या दिवशी काकांचा ताप उतरला, आणि तिनं पहिला फोन विनताला केला.

"बाबा ठीक आहेत. तू पूर्ण बरी झाल्याशिवाय येऊ नको. शाळेतून मी रजा घेतली आहे. तुझं काम तुझंच राहील. अन् मागच्या महिन्यात मी जे बोलली, ते चुकलंच माझं."

पलीकडे विनताला रडू फुटलं. किती दिवसांचं साठलं होतं कोण जाणे.

मंडळी, आजाऱ्याची सेवा करणाऱ्यालाही आजारी पडायचा हक्क असतो. तो आपण नाकारला, तर आजार काही घरी बसत नाही. तो मुकाट्यानं येऊन आपल्याच माणसाच्या उशाशी बसतो.